दूध तोडल्याने ऑटिझम जात नाही

माझ्या मामेबहिणीने तिच्या सहा वर्षांच्या मुलाचं दूध गेल्या महिन्यात बंद केलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज वाचून. 'ऑटिझमच्या मुलाचं दूध आणि गहू तोडा, 3 महिन्यांत वजन जागेवर येईल, मूल बोलू लागेल. खात नसेल तर उपाशी ठेवा, भूक लागली की मुकाट खाईल. जाड असेल तर आईचे लाड नडले. औषधांनी मुलं फुगतात, आजच बंद करा.' खाली ना डॉक्टरचं नाव, ना आधार. तरी थेरपीच्या प्रत्येक ग्रुपवर तो फिरतोय.

आधी दूध. हा मुलगा खातो काय? दूधभात, एकाच कंपनीची बिस्किटं, कोरडी पोळी आणि वरणाचं पाणी. त्यात मोहरी दिसली तरी ताट सरकवतो. यातून दूध आणि गहू काढले तर उरतं काय? कॅल्शियमसाठी नाचणी-तीळ द्या म्हणे! ते खाणारं मूल असतं तर प्रश्नच नव्हता. शिवाय अशी मुलं एकदा सुटलेला पदार्थ पुन्हा तोंडाला लावतीलच असं नाही.

2008 साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या 4 ते 8 वर्षांच्या 75 मुलग्यांच्या हातांच्या एक्स-रेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यावर फारशी बंधनं नव्हती, त्यांच्याही हाडाच्या बाहेरच्या थराची जाडी अपेक्षेपेक्षा सुमारे साडेदहा टक्के कमी होती. ज्यांचे दुधाचे पदार्थ बंद होते, त्यांच्यात हीच तूट जवळपास 19 टक्के. अशी मुलं नऊच होती, हे खरं. पण दूध पिणाऱ्यांचीच हाडं पातळ असताना तेही काढून घ्यायचं? आणि ही तूट वजनकाट्यावर दिसत नाही. तक्त्यात वजन-उंची व्यवस्थित बसणारं मूलही कॅल्शियमला आणि प्रथिनांना मुकलेलं असू शकतं. फक्त वजनाकडे बघणाऱ्या मेसेजला हे कुठून कळणार?

'उपाशी ठेवा' हे तर सरळ क्रौर्य आहे. वास, चिकटपणा, दाताखाली येणारा कण या मुलांना खरोखर सहन होत नाही. काहींना भूक लागल्याचंही नीट जाणवत नाही. ती हट्टाने अडून बसलेली नसतात, त्यामुळे उपासाने वठणीवर येत नाहीत. अशक्त मात्र होतात. खाण्याच्या अडचणींवर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. नवा पदार्थ आधी नुसता शेजारी ठेवायचा, मग हात लावू द्यायचा, असं ते हळूहळू करून घेतात.

आईचे लाड? मैदानावर खेळायला कुणी घेत नाही, झोप तुटक, आणि थेरपीतही बक्षीस म्हणून चिप्स. वजन वाढायला एवढं पुरतं. आईला मध्ये आणू नका.

औषधांचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. रिस्पेरिडोन हे ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीवर दिलं जाणारं औषध. त्याच्या 2002 सालच्या चाचणीत 8 आठवड्यांत मुलांचं वजन सरासरी 2.7 किलोने वाढलं, औषध नसलेल्या गटात 0.8 किलोने. म्हणून दर भेटीला वजन करून घ्या, डॉक्टरांशी भांडा, डोस किंवा औषध बदलून मागा. एका रात्रीत बंद करू नका.

बद्धकोष्ठता या मुलांत जास्त दिसते आणि काहींना खरंच गहू सोसत नाही, हेही खरं. पण सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी गहू चालू असतानाच करायची असते. आधीच तोडला, तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.