आई-बाबांना ब्रॉडवेवर नेताय? ‘लायन किंग’ दाखवा

उन्हाळा लागला की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच : "आई-बाबा आलेत, ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत, कुठलं म्युझिकल दाखवू?" कुणी ‘हॅमिल्टन’ सांगतं, कुणी ‘विकेड’. ‘लायन किंग’चं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते काय, पोरांचं आणि टुरिस्टांचं." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आई पहिल्यांदा आली तेव्हा मीही ‘हॅमिल्टन’चीच तिकिटं काढली होती. माझं ते अतिशय लाडकं. 11 टोनी (ब्रॉडवेचे नाट्यपुरस्कार), पुलित्झर, सगळं कौतुक रास्त आहे. पण जवळजवळ अख्खं नाटक गाण्यातून, त्यातही रॅपमधून पुढे सरकतं आणि अमेरिकेचा इतिहास माहीत आहे असं धरून चालतं. मध्यंतरात आईने हळूच विचारलं, "हा त्याच्यावर एवढा का चिडलाय गं?" ती दोन तास मान ताणून, समजून घ्यायचा प्रयत्न करत बसली होती. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला तिला 45व्या रस्त्यावरच्या मिन्स्कॉफ थिएटरमध्ये ‘लायन किंग’ला नेलं. रफिकी, म्हणजे गोष्टीतली जाणती माकडीण, पहिली हाक देते ती आफ्रिकेतल्या झुलू भाषेत. म्हणजे ती हाक तिथे बसलेल्या बहुतेकांना कळत नाही, फक्त आईला नाही असं नाही! मग प्रेक्षकांच्या मधल्या वाटेवरून हत्ती येतो, पक्षी येतात, रंगमंचावर जिराफ चालू लागतात. जिराफ म्हणजे हातापायांना काठ्या बांधून चाललेला माणूस, आणि तो माणूस आपल्याला स्वच्छ दिसत असतो. दिग्दर्शिका ज्युली टेमोरने काहीच लपवलेलं नाही. मुखवटा नटाच्या डोक्यावर, खाली त्याचा चेहरा उघडा, दोन्ही एकाच वेळी बघायचे. दुष्काळ दाखवायला पाणवठ्याचं रेशमी कापड हळूहळू ओढून घेतात. सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून फिती ओघळतात. बस, एवढंच. आणि घशात आवंढा येतो.

माझी आई मोखाड्याची. बोहाड्याची, म्हणजे गावच्या उत्सवात मुखवटे घालून नाचणारी, सोंगं बघत वाढलेली. माझा हात धरून ती म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचंच." मी नंतर वाचलं की टेमोर तरुणपणी काही वर्षं इंडोनेशियात राहिली होती, तिथले मुखवटे आणि छायाबाहुल्यांचे खेळ तिने जवळून पाहिले होते. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी नातं तिने बरोबर ओळखलं. 1998 साली संगीतिकेच्या दिग्दर्शनाचा टोनी मिळवणारी टेमोर ही पहिली स्त्री. हिच्या कामाला ‘पोरांचं’ म्हणायचं?

सिनेमा पाहिलाय, मग पुन्हा कशाला, असंही विचारतात. मी तर म्हणेन, पाहिलाय म्हणूनच न्या. गोष्ट आधीच माहीत असली की भाषेचा ताण उरत नाही, डोळे मोकळे राहतात. आपणही रामायणातली आख्यानं गोष्ट माहीत असूनच बघत आलो ना?

फक्त जागेवर पैसे वाचवू नका. ऑर्केस्ट्रा, म्हणजे अगदी खालचा मजला, आणि शक्यतो मधल्या वाटेलगतची खुर्ची. वर बसलात तर ती मिरवणूक जवळून जाण्यातलं सुख हुकतं. तिकीट थिएटरच्या अधिकृत साइटवरूनच काढा. टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसच्या खिडकीवर त्याच दिवसाची सवलतीची तिकिटं मिळतात, पण तुम्हाला हवा तोच खेळ तिथे असेल याची खात्री नसते, आणि सत्तरीच्या माणसांना रांगेत उभं करू नये.

स्वतःसाठी एकच बघायचं असेल, इंग्रजी गाणी कानाला सरावाची असतील, तर माझं मत ‘हेडीसटाउन’ला. वॉल्टर कर थिएटर लहानसं आहे, वादक रंगमंचावरच बसतात, ट्रॉम्बोन सुरू झाला की अंगावर काटा येतो. ग्रीक पुराणातली ऑर्फियसची गोष्ट : मेलेल्या प्रियेला पाताळातून परत आणताना त्याने मागे वळून बघायचं नाही, अशी अट. शेवट काय होणार ते ठाऊक असतं, तरी या वेळी तो मागे वळून बघणार नाही असं वाटत राहतं. मी तीनदा पाहिलंय.

पण आई-बाबा सोबत असतील तर ‘लायन किंग’. जुलैमध्ये सासूबाई येताहेत. दोन तिकिटं काढून ठेवली आहेत, वाटेलगतची.