मेलेल्या मोरीपासून सुरू होणारं करिअर

शार्कवर करिअर करायचंय असं एखादी पोरगी म्हणाली की लोकांच्या डोळ्यासमोर लगेच लोखंडी पिंजरा, निळंशार पाणी आणि जबडा वासलेला मासा येतो. आणि त्याच लोकांना मालवणच्या बंदरावर भल्या सकाळी टोपलीतल्या मोऱ्या, म्हणजे आपल्याकडचे छोटे शार्क, टेपने मोजणारी पोरं दिसली की म्हणतात, एवढं शिकून हेच करायचं होतं का, हे तर मासे विकणारी कुठलीही बाई सांगेल. मला या बोलण्याचा खरंच राग येतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

शार्कचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ युजेनी क्लार्क हे नाव माहीत नसेल तर नक्की वाचा त्यांच्याबद्दल. 1922 साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, आई जपानी, वडील लहानपणीच गेले. आई कामावर असली की शनिवारी ही मुलगी मत्स्यालयात काचेला नाक लावून उभी. 1950 ला पीएचडी झाली आणि 1955 मध्ये फ्लोरिडात केप हेझला एक छोटीशी लॅब सुरू केली, तीच आज मोट मरीन लॅबोरेटरी म्हणून जगभर ओळखली जाते. जगाने त्यांना 'शार्क लेडी' म्हटलं. पण हे सगळं सुरू कसं झालं माहितीये? कॅन्सरवर काम करणाऱ्या एका डॉक्टरला शार्कची लिव्हर हवी होती! मग बेरिल चॅडविक नावाचा तिथलाच एक मच्छीमार, ज्याला शार्क कुठे आणि कसा लागतो ते ठाऊक होतं, तो मदतीला आला आणि यांनी गळाला लागलेले शार्क ओढून आणायचे, कापायचे, लिव्हर डॉक्टरला द्यायची आणि बाकी सगळं स्वतः बघायचं. लांबी किती, पोटात काय खाल्लेलं निघालं, पिल्लं आहेत का. म्हणजे सुरुवात मेलेल्या माशापासूनच, आणि सोबत मच्छीमार.

जिवंत शार्कचं काम त्यातूनच पुढे आलं. 1958 मध्ये त्यांनी पाण्यातल्या कुंपणात ठेवलेल्या लेमन शार्कसमोर एक पांढरी फळी लावली. नाकाने फळी दाबली की घंटा वाजणार आणि खायला मिळणार. रोज तेच, परत परत तेच. शार्क शिकले! मग खाऊ फळीपासून लांब टाकायला लागल्या तरी शार्क आधी फळी दाबायचे आणि मग तिकडे वळायचे, आणि मधे थंडीमुळे कित्येक आठवडे सगळं बंद होतं तरी नंतर विसरले नव्हते. तोपर्यंत शार्क म्हणजे बिनडोक खादाड एवढंच लोकांच्या डोक्यात, त्याला कंटाळवाण्या वाटणाऱ्या या प्रयोगाने सुरुंग लावला. पुढे 70 च्या दशकात मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटाजवळ गुहांमध्ये शार्क चक्क निवांत पडून असतात हे त्यांनी अभ्यासलं, कारण शार्क पोहायचा थांबला की मरतो असंच सगळे धरून चालले होते. पण त्या गुहा आधी पाहिल्या कोणी? तिथल्याच लॉब्स्टर पकडणाऱ्या एका पाणबुड्याने. परत तेच बघा, ज्याचं पोट समुद्रावर त्याला आधी माहीत.

आता आपल्याकडे या. बंदरावरच्या त्या पोरांसोबत एकदा उभे राहा. मोरीचं पिल्लू उलटं करून पोटाकडून बघतात, पुढच्या दोन परांच्या मधे नाळेची खूण असते. ती अजून उघडी असेल तर पिल्लू नुकतंच जन्मलेलं. असली पिल्लं एकाच बाजूच्या होड्यांमधून सारखी यायला लागली की मोऱ्या पिल्लं घालायला जवळपासच येतायत हे कळतं, आणि जाळं नेमकं कुठे आणि कुठल्या महिन्यात टाकू नये हे त्याशिवाय कुठला कायदा सांगणार? शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी आणि पोटात महिनोन्महिने. बांगड्यासारखा हिशोब इथे चालत नाही, एकदा संपले की भरून यायला कित्येक वर्षं जातात.

आणि मच्छीमार ऐकत नाहीत हे तर मला अजिबात म्हणू नका. व्हेल शार्कला 2001 मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, पण जाळ्यात सापडलेला तो प्रचंड मासा सोडायचा तर जाळं कापावं लागतं. 2018 च्या शेवटी महाराष्ट्रात कापलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई सुरू झाली, तेव्हापासून मच्छीमार स्वतः व्हिडिओ काढून मासा सोडतायत. माणसाच्या नुकसानीची दखल घेतली की तो सोबत येतोच.

मोरीचं मटण आमच्याही घरी होतं आणि उद्यापासून कोणी खाऊ नका असं मी म्हणणार नाही. वीतभर पिल्लं तेवढी घेऊ नका, गिऱ्हाईक नसेल तर भाव पण पडतो. आणि घरातल्या कोणाला हे शिकायचं असेल तर डायव्हिंगच्या कोर्सला पैसे भरायच्या आधी त्याला महिनाभर बंदरावर पाठवा, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांशी बोलू दे, टेप आणि वही घेऊन. पहाटे उठायची तयारी असेल तर त्याला कोणी अडवू नका.