नरकातलं कार्टं कुठनं वाचावं?

कोल्हापूरच्या माणसाचा आकड्यांवर फार विश्वास. राजारामपुरीत पाचव्या गल्लीनंतर सहावी येते, सहावीनंतर सातवी. परगावचा पाहुणासुद्धा बोटं मोजत घर गाठतो. याच भरवशावर माणूस 'हेलबॉय' ही इंग्रजी कॉमिक्सची मालिका वाचायला निघतो आणि चकवा लागल्यासारखा एकाच जागी फिरत राहतो. कारण 'पहिला खंड द्या' म्हटलं की समोर चार वेगवेगळे पहिले खंड येतात. आणि चारही खरे असतात.

आधी पात्राची ओळख. माइक मिग्नोला या अमेरिकन चित्रकाराचा हेलबॉय १९९३ साली पहिल्यांदा छापून आला आणि १९९४ पासून डार्क हॉर्स या प्रकाशनाकडून त्याची मालिका सुरू झाली. लाल अंग, शेपूट, उजवा हात दगडी. कपाळावर दोन गोल दिसतात त्यांना नवखा वाचक हमखास गॉगल समजतो. ती घासून सपाट केलेली शिंगं आहेत. मराठीत नाव करायचं तर 'नरकातलं कार्टं', आणि हे विशेषण आपल्याकडे घरटी एकदा तरी कुणाला ना कुणाला लागलेलं असतं.

त्याच्या जन्माची हकिगत म्हणजे चुकलेलं पार्सल. डिसेंबर १९४४ मध्ये नाझींच्या मदतीने रास्पुतीन हा रशियन मांत्रिक त्याला बोलावतो स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर, आणि पोरगं उतरतं इंग्लंडमध्ये, ईस्ट ब्रॉमविचच्या पडक्या चर्चमध्ये, दोस्त राष्ट्रांच्या लोकांसमोर. परदेशी पुस्तकं मागवणाऱ्याने ही पानं नीट वाचून ठेवावीत. पत्ता बरोबर असूनही माल भलत्या ठिकाणी कसा जातो, हे रास्पुतीनला कळलं नाही, तर आपली काय कथा! पुढे १९५२ साली संयुक्त राष्ट्रसंघ त्याला 'मानद मानव' असा दर्जा देतो. मला हा सगळ्या मालिकेतला सर्वांत अतर्क्य प्रसंग वाटतो. आपल्याकडे असता तर उजव्या हाताचे ठसे उमटत नाहीत म्हणून बिचारा अजून आधार केंद्राच्या रांगेत असता.

आता त्या चार पहिल्या खंडांकडे. ही तीच मिसळ चार ताटल्यांत आहे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे पैसे वाचतात. सुटे अंक म्हणजे वीस-बावीस पानांची गोष्ट. जुने अंक संग्राहकांसाठी, आपण त्या वाटेला जाऊ नये. चार-सहा अंक एकत्र बांधले की झाला 'ट्रेड', असे जुने खंड बारा. दोन-दोन ट्रेड मोठ्या आकारात, जाड पुठ्ठ्यात बांधले की 'लायब्ररी एडिशन'. ती दिसायला राजेशाही, पण झोपून वाचायला घेतली तर डोळा लागताच नाकावर पडते. आणि २०१८ साली आले 'ऑम्निबस': मोठ्या कथानकाचे चार खंड, शिवाय लघुकथांचे दोन खंड वेगळे. ऑम्निबसमध्ये गोष्टी कथेतल्या काळाप्रमाणे लावलेल्या आहेत.

गफलत होते ती इथे. हौशी माणूस जुन्या ट्रेडपैकी तिसरा खंड कुठेतरी स्वस्तात मिळाला म्हणून उचलतो. त्या बारांपैकी तिसरा, चौथा, सातवा, दहावा आणि अकरावा हे लघुकथांचे. नंतर तो लघुकथांचा नवा संच मागवतो आणि त्याच गोष्टी दुसऱ्यांदा विकत घेतो. मग 'एक भाच्याला देऊ' असं म्हणावं लागतं. भाच्याने मागितलेलं नसतं. तेव्हा एकच कुळी धरा: ट्रेड तर ट्रेड, ऑम्निबस तर ऑम्निबस. नव्या वाचकाने ऑम्निबसच घ्यावा, यावर मी वाद घालणार नाही.

पण सुरुवात ऑम्निबसच्या पहिल्या खंडाने करू नये. 'मग भावा, कुठनं करू?' लघुकथांच्या पहिल्या खंडातली 'द कॉर्प्स' ही गोष्ट आधी वाचा. आयर्लंड, १९५९. परीलोकांनी एक तान्हं बाळ पळवलंय आणि त्याच्या जागी पाळण्यात भलतंच काहीतरी ठेवलंय. बाळ परत हवं असेल तर हेलबॉयने एक मढं पाठीवर घेऊन पहाटेच्या आत पुरायचं. मढं गप्प बसत नाही. एका कब्रस्तानात जागा नाही म्हणून दुसरीकडे. ताराबाई पार्कात भाड्याने फ्लॅट बघत हिंडणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. पाठीवर बोलकं प्रेत म्हणजे आपल्या पंचवीस गोष्टींचा वेताळच की! फरक इतकाच, की विक्रमाला तोंड उघडायची बंदी होती आणि हा गडी अखंड कुरकुरत असतो. पाळण्यातलं ते सोंग उघडं पडतं लोखंडाच्या चटक्याने. बाळाच्या उशाला विळा किंवा अडकित्ता ठेवणाऱ्या आपल्या आज्जीला हे पान तळटीप न देता कळेल. म्हणून म्हणतो, ही मालिका मराठी माणसाला परकी नाही. हडळ, मुंजा, खवीस यांच्या शेजारी वाढलेल्या वाचकाला आयरिश भुतं फार तर लांबच्या भावकीतली वाटतात.

ही गोष्ट आधी एका वितरकाच्या कॅटलॉगमध्ये दर खेपेला दोन-दोन पानं अशी छापली गेली होती. त्यामुळे दर दोन पानांनी काहीतरी घडतंच. नव्या वाचकाला लागते ती हीच गती.

याउलट 'सीड ऑफ डिस्ट्रक्शन' ही पहिली मोठी कथा. तिची चित्रं मिग्नोलाची, पण संवाद जॉन बर्न यांचे. हेलबॉय स्वतःच्या मनातलं चौकटीचौकटीत सांगत सुटतो, चित्रात दिसतंय तेही सांगतो. त्यानंतर मिग्नोला स्वतः लिहायला लागला आणि शब्द एकदम कमी झाले. पहिल्याच कथेवरून पुस्तक बाजूला ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी मिसळीतली नुसती मटकी खाल्ली आणि कट यायच्या आत उठले.

वाचायचं कसं, हाही प्रश्नच आहे. कोल्हापुरी हिशेब सरळ: 'एवढे पैसे दिले आणि अंक दहा मिनिटांत संपला?' संपणारच, संवादाचे फुगे तेवढेच वाचले तर. मिग्नोलाच्या पानावर निम्मी जागा काळ्या शाईची असते. मध्येच एखाद्या लहान चौकटीत पुतळ्याचा चेहरा, एक कावळा, विझत आलेली मेणबत्ती, आणि शब्द एकही नाही. तिथे थांबायचं असतं. पहिल्यांदा शब्दांसाठी वाचा, दुसऱ्यांदा शब्द झाकून. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, ती बंद ठेवा. पूर्ण पान एकदम दिसलं नाही तर ती मुकी चौकट नुसती अडगळ वाटते. चकचकीत कागदावर वरचा दिवा पडला की सगळा काळा भाग आरसा होतो आणि भुताच्या जागी आपलंच तोंड दिसतं. उजेड डाव्या खांद्यामागून घ्यावा.

सिनेमा पाहून येणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. २००४ आणि २००८ च्या चित्रपटांत हेलबॉय आणि त्याची सहकारी लिझ यांचं जे प्रेमप्रकरण आहे, ते कॉमिक्समध्ये नाही. वाट बघू नका. आणि सिनेमात सरकार त्याला लपवून ठेवतं, कॉमिक्समध्ये त्याला सगळं जग ओळखतं. भुताखेतांचा छडा लावणाऱ्या ज्या संस्थेत तो नोकरी करतो, त्या बी.पी.आर.डी.ची स्वतंत्र मालिका आहे, भलीमोठी. ती 'कॉन्करर वर्म' ही हेलबॉयची मोठी कथा वाचून झाल्याशिवाय उघडू नका, कारण त्या कथेच्या शेवटी हा राजीनामा देतो. मोठ्या कथानकातल्या शेवटच्या मालिकेचं नावच 'हेलबॉय इन हेल' आहे, तेव्हा पुढचं मी फोडलं असा आळ माझ्यावर नको.

घरच्यांचं काय करायचं? 'ह्या वयात कार्टून बघतंयस व्हय रं?' हा प्रश्न येतोच. त्यावर एकच उतारा: 'पॅनकेक्स' ही दोन पानांची गोष्ट पुढे करायची. लहानगा हेलबॉय नाश्त्याला हट्ट करतो, नको नको म्हणत एक घास खातो, त्याला तो आवडतो. आणि तिकडे नरकात आकांत उसळतो, की संपलं, आता पोरगं परत येत नाही. पॅनकेकच्या जागी आंबोळी धरा. कुठलीही आई ही गोष्ट खरी मानते.

पुस्तक हातात आल्यावर लगेच मधोमध फाडल्यासारखं उघडू नका. ऑम्निबसचा पहिलाच खंड साडेतीनशेच्या वर पानांचा, नुसत्या गोंदावर चिकटवलेला. टेबलावर ठेवून पुढची दहा-बारा पानं दाबा, मग मागची दहा-बारा, असं करत मध्यापर्यंत या. पाठ तडकत नाही. खरा शत्रू मात्र जुलैत येतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहायला लागलं की घरातला कागदसुद्धा फुगतो. चकचकीत कागदावर मुलामा असतो. तो भिजला की चिकट होतो आणि पानं तशीच वाळली तर वीट तयार होते. भिजलंच तर पानं ओली असतानाच मध्ये बटर पेपर घालून पंख्याखाली उभं करा. कोरडं झाल्यावर सुरीने सोडवायला गेलात तर भूत एका पानावर आणि त्याचं डोकं दुसऱ्या पानावर जातं. एरवी पुस्तकं उभी ठेवा, फार ठासून नाही, आणि पावसाची भिंत सोडून. कसर लागू नये म्हणून आज्जी कडुनिंबाचा पाला सांगते, तो पूर्ण वाळवूनच ठेवा.

राहता राहिला मागून नेणारा. हे कोल्हापूर आहे, दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. लघुकथांचा खंड द्याल तर गेला. तो कुठूनही वाचता येतो, म्हणून घरभर फिरतो, मग शेजारी, मग गडहिंग्लजला मेव्हण्याकडे. ऑम्निबसचा चौथा द्या. आधीचे तीन वाचल्याशिवाय त्यातलं काही कळत नाही, आठ दिवसांत परत येतो. कधीकधी मात्र तो माणूसच परत येतो, पहिले तीन मागायला, आणि चौथा घरी विसरलेला असतो.