खुलासा: इंग्लंडमधली फर्दर एज्युकेशन कॉलेजं कौन्सिलच्या ताब्यात नाहीत

‘फर्दर एज्युकेशन कॉलेज कौन्सिल चालवते, तक्रार थेट कौन्सिलरकडे न्या,’ असा मेसेज इंग्लंडमधल्या मराठी पालकांमध्ये फिरतोय. फर्दर एज्युकेशन कॉलेज म्हणजे सोळा वर्षांनंतरचं, विद्यापीठाबाहेरचं शिक्षण देणारं कॉलेज; कौन्सिल म्हणजे स्थानिक प्रशासन. हा मेसेज चुकीचा आहे. १९९२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९९३ पासून ही कॉलेजं कौन्सिलपासून वेगळी झाली. प्रत्येक कॉलेज कॉर्पोरेशनचा, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या स्वतंत्र कायदेशीर संस्थेचा, कारभार गव्हर्नर, म्हणजे तिच्या नियामक मंडळाचे सदस्य, पाहतात. प्राचार्यांची नेमणूक आणि वार्षिक अंदाजपत्रकाची मंजुरी त्यांच्याच हातात. आणि त्या टेबलाशी कर्मचाऱ्यांसोबत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बसतात. आपल्या मुलांनी यासाठी जरूर उभं राहावं! नोव्हेंबर २०२२ पासून कॉलेजं सरकारी क्षेत्रात मोजली जातात हे खरं, पण ते केंद्र सरकारचं, कौन्सिलचं नव्हे. तक्रार आधी कॉलेजकडेच लेखी द्या.