नीट बंद झालं की एरर! कुठला न्याय हा?

अपाची डर्बी. जावात लिहिलेला, ॲपच्या पोटातच चालणारा डेटाबेस. वेगळा सर्व्हर नको, इन्स्टॉलची कटकट नको. एका दुकानाच्या बिलिंगसाठी मीच हौसेने निवडला. आता भोगतोय.

हा बंद कसा करायचा? तर त्याच्याकडे कनेक्शन मागायचं! बंद करायला कनेक्शन! यूआरएलच्या, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्याच्या, शेपटीला 'शटडाउन=ट्रू' चिकटवायचं, आणि सगळं सुरळीत पार पडलं की हा तोंडावर एसक्यूएल-एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकतो. आपल्याकडे माणूस घरातून निघताना 'जातो'सुद्धा म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हा दिवटा 'मेलो, मेलो' ओरडत निघतो.

कारण कळतं हो मला. कनेक्शन मागायच्या 'गेटकनेक्शन' फंक्शनने एक तर कनेक्शन द्यायचं, नाही तर एक्सेप्शन. बंद झाल्यावर देणार काय, कपाळ? पण मग हे काम त्याच्या गळ्यात घातलंच कशाला?

बरं, एरर तरी एकच असावा. अख्खं इंजिन बंद केलं तर एक्सजे०१५, फक्त एक डेटाबेस बंद केला तर ०८००६. मी बंद करत होतो एक डेटाबेस आणि कोडमध्ये तपासत होतो एक्सजे०१५. म्हणजे सगळं ठीक असूनही रोज रात्री दुकानात लाल पाटी. शेठचा फोन, "अहो, रोज नऊला लाल पाटी येते. डेटा गेला का?" नाही हो शेठ, फारच छान बंद झालाय!

शेवटी शेठ पाटीला इतके कंटाळले की थेट मेन स्विच पाडायला लागले. मग सकाळी डर्बी ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचत रिकव्हरी करत बसणार, गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळणार आणि शिव्या कोणाला? मला.

अजून आहे. कधी खिडकी बंद होते, पण मागे जावाची प्रोसेस जिवंतच. शेठ पुन्हा डबल-क्लिक करतात आणि एक्सएसडीबी६ : डेटाबेस आधीच कोणीतरी उघडलाय. कोणी? तुम्हीच, शेठ! त्यावर नेटवरचे दीडशहाणे सांगतात, 'डीबी डॉट एलसीके' फाइल उडवा. अरे, ते कुलूप आहे! दोन जेव्हीएम, म्हणजे जावाच्या दोन प्रोसेस, एकाच डेटाबेसवर बसले तर डेटाची चटणी होते. शेठचा भाचा उडवायला निघालाच होता. फोनवर बोंबलून थांबवला आणि टास्क मॅनेजर उघडून ती जुनी प्रोसेस मारायला लावली.

२००४ साली आयबीएमने हा कोड अपाचीला दिला. इतक्या वर्षांत 'नीट बंद झालं' एवढं सरळ सांगायला शिकला नाही!

काल नव्या पोराने कोडमधला 'कॅच', म्हणजे एरर पकडायची जागा, बघून विचारलं, "सर, कॅचमध्ये एरर आला की 'यशस्वी' असं का लिहिलंय? चुकलंय ना?" त्याला चहाला घेऊन गेलो. दोन कटिंग संपले तरी पटलं नव्हतं त्याला.