इंदुरात पाणी ९८ अंशाला उकळतं, म्हणून ते अशुद्ध ठरत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश मला चार गटांतून आला: कॉलनीच्या, माहेरच्या, पालकांच्या आणि गणेश मंडळाच्या. मथळा होता 'शुद्धता ओळखा घरच्या घरी, शाळेच्या रसायनशास्त्राने'. मजकूर थोडक्यात असा. पाणी बरोबर १०० अंशाला उकळलं तर शुद्ध, नाहीतर अशुद्ध. टीडीएस मीटरवर ५०च्या खाली आकडा आला तरच पाणी पिण्याजोगं. मध पाण्यात तळाशी बसला तर अस्सल, बाटलीत गोठला तर साखरेचा. दुधात लॅक्टोमीटर खुणेवर तरंगला म्हणजे भेसळ नाही. फिल्टर पेपरवर एकच ठिपका आला म्हणजे पदार्थ शुद्ध.

मी इंदुरात बावीस वर्षं नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवते. हा मजकूर धडधडीत खोटा असता तर मी एवढं लिहायला बसले नसते. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ आमच्या प्रयोगवहीतून उचललेली आहे आणि उचलताना तिच्यातली अट तेवढी गाळून टाकली आहे. अट गेली की विज्ञानाचा तोडगा होतो.

पहिल्या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. मागच्या आठवड्यात नववीचं प्रॅक्टिकल चाललं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर एका मुलाच्या बीकरमधलं पाणी खळखळा उकळत होतं आणि थर्मामीटरचा पारा ९८वर ठाम उभा होता. त्याने वहीत ९८ लिहिलं, थोडा वेळ पाहिलं, खोडरबर घेतलं आणि तिथे १०० लिहिलं. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आजीच्या मोबाइलवर आलंय. आपल्या नळाचं पाणी शुद्ध नाहीये, म्हणून कमी येतंय. पण मार्क तर १००लाच मिळतील ना?"

त्याचं ९८ अगदी बरोबर होतं. पाणी १०० अंशाला उकळतं ते समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाखाली. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. दर ३०० मीटरला ढोबळमानाने एक अंश कमी होतो. मी कपाटातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली काढली, दुसरा बीकर चढवला. तिथेही ९८च. मुलाने दोन्ही थर्मामीटर अदलाबदल करून पाहिले, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

आता उलट हिशेब करा. पाण्यात मीठ विरघळलं की उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचं तापमान, वर सरकतो. इंदुरात पाण्याला १०० अंशाला उकळायला लावायचं तर लिटरमागे जवळपास १०० ग्रॅम मीठ घालावं लागेल. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असतं. म्हणजे संदेशातली चाचणी आपल्या शहरात डिस्टिल्ड वॉटरला नापास करते आणि समुद्राच्या तिप्पट खारट पाण्याला पास. शिवाय नळाच्या पाण्यात लिटरला चारशे मिलिग्रॅम क्षार असले, तरी उत्कलनबिंदू हलतो तो एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. शाळेच्या थर्मामीटरवर तो दिसणारच नाही. आणि जंतूंबद्दल उत्कलनबिंदू काहीच सांगत नाही.

मूळ नियम आहे तो असा: ठरावीक दाबाला शुद्ध पदार्थ एका स्थिर तापमानाला उकळतो. पारा कुठे थांबला यापेक्षा तो थांबला का, हे बघायचं असतं. मिठाचं पाणी उकळत ठेवा. पाणी वाफ होऊन जातं, उरलेलं आणखी खारट होतं आणि पारा हळूहळू चढत राहतो. पण यालाही अपवाद आहे. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल आणि ४.४ टक्के पाणी हे मिश्रण ७८.२ अंशाला शेवटच्या थेंबापर्यंत स्थिर उकळतं, एखाद्या शुद्ध पदार्थासारखं. त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करण्याने, त्यातलं उरलेलं पाणी काढता येत नाही. दहावीच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

दुसरा मुद्दा टीडीएसचा. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतं. बस, इतकंच. घरी करून बघा: पेलाभर पाण्याचा आकडा घ्या, दोन चमचे साखर विरघळवा, पुन्हा मोजा. पाणी सरबतासारखं गोड, आकडा जवळजवळ जागच्या जागी, कारण साखरेचे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, होत नाहीत. गटाराचं थोडं पाणी नळात मिसळलं तर जीव धोक्यात येऊ शकतो, पण मीटरचा आकडा तेवढ्याने फारसा हलेलच असं नाही. आणि ५०ची मर्यादा आली कुठून? भारतीय मानक १०५०० प्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी स्वीकारार्ह आहे. नर्मदेचं पाणी १९७८ पासून नदीकाठच्या जलूद गावाहून उचलून या शहरात येतंय. नदीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, ती भेसळ नव्हे.

याच मुद्द्याला धरून एक प्रकार घरोघरी दाखवतात. आमच्या शेजारच्या काकूंकडे पाणी शुद्ध करायच्या मशिनचा एक विक्रेता आला, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. त्याने दोन पेल्यांत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडली. नळाच्या पाण्यात मिनिटभरात गढूळ तपकिरी साका वर आला, त्याच्या मशिनचं पाणी नितळ राहिलं. काकू तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "अगंबाई, हे पीत होतो आपण?" मी त्याला म्हटलं, तुमच्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा लावा. त्याने आढेवेढे घेतले, पण टाकलं. तोही पेला तपकिरी झाला. तो साका पाण्यातला नव्हताच, कांडीच्या लोखंडाचा होता. क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज तयार होतो. मशिनच्या पाण्यात क्षार जेमतेम असल्याने वीज फारशी वाहतच नव्हती. (घरच्या विजेवर हे कुणी करू नका.) पाण्यात मैला मिसळल्याचा संशय असेल तर हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर ते पिऊ नये आणि पाणी प्रयोगशाळेत द्यावं.

मधाचं थोडक्यात सांगते. मध पाण्याच्या जवळपास १.४ पट जड, म्हणून तळाशी बसतो. साखरेचा दाट पाकही तसाच बसतो. ही चाचणी पाणी घालून पातळ केलेला मध पकडते, दाट पाक पकडत नाही. गोठण्याबद्दल तर संदेश उलटंच सांगतो. मधातलं ग्लुकोज थंडीत रवाळ होतं, हा मधाचा स्वभाव आहे. मोहरीच्या फुलांचा मध फार लवकर गोठतो. कितीतरी घरांतून असा चांगला मध फेकला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. २०२०च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दाखवून दिलं की नेहमीच्या प्रयोगशाळा चाचण्यांतूनही निसटणारे पाक मधात घातले जातात. ते सापडले न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सने, म्हणजे रेणूंची ठेवण ओळखणाऱ्या यंत्राच्या तपासणीने. तिथे पेलाभर पाणी काय करणार?

लॅक्टोमीटर दुधाची फक्त घनता सांगतो. पाणी घातलं की घनता उतरते, साखर घातली की चढते. दोन्ही बेताने घातलं तर लॅक्टोमीटर खुणेवर तरंगतो. साय हलकी असते. ती काढून तेवढं पाणी घातलं तरी तेच. म्हणूनच स्टार्चसाठी आयोडीनचा थेंब वेगळा आणि युरियासाठी चाचणी वेगळी.

घनतेवरून शुद्धता ठरत नाही, हे आपल्या सराफ्यातले न्यारिये, म्हणजे धुळीतून सोनं वेगळं करणारे, रोज जगतात. दुकानांपुढची धूळ झाडून गोळा करतात, पाण्यात घोळवतात. माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. पण तळाशी राहिलं ते शुद्ध सोनं, असं त्यांच्यातला कुणी म्हणत नाही. त्यात चांदी असते, तांबं असतं. पुढे तेजाबाचं, म्हणजे आम्लाचं, काम उरतं. नुसत्या घनतेवर जायचं तर सोन्याची १९.३ आणि टंगस्टनची १९.२५. एवढ्या फरकावर निवाडा कसा करणार?

राहिला ठिपका. काळ्या स्केचपेनची रेघ फिल्टर पेपरवर ओढून पेपरचं टोक पाण्यात बुडवलं की निळा, जांभळा, पिवळा असे पट्टे वेगळे होतात. मुलं हरखून जातात. पण पर्मनंट मार्करची रेघ पाण्यात जागची हलत नाही. ती शुद्ध म्हणायची का? तोच कागद स्पिरिटमध्ये लावा, तिच्यातूनही रंग निघतात. एका द्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, एक ठिपका आला म्हणजे त्या द्रावकाने काही वेगळं केलं नाही, एवढंच कळतं.

त्या मुलाने वहीतलं १०० स्वतःच खोडलं. आता तिथे '९८, इंदूर' असं आहे, आणि खाली एक ओळ रिकामी सोडली आहे. दिवाळीत तो काकांकडे दादरला जाणार आहे. मी त्याला शाळेचा थर्मामीटर कापसात गुंडाळून द्यायचं कबूल केलंय.