गणसंख्येअभावी अर्ध्या तासाने

सप्टेंबर आला की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा लागतात, कारण ३० तारखेच्या आत सभा उरकायची असते. शेवटची ओळ सगळीकडे तीच: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेला गणसंख्येचे बंधन राहणार नाही.' ओळ उपविधींतलीच, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतलीच आहे. लोकांनी मात्र तिचा अर्थ 'नाही आलात तरी चालेल' असा लावून घेतलाय.

मुळात गणसंख्या, म्हणजे सभेला हवी असलेली किमान हजेरी, लागते किती? आदर्श उपविधींप्रमाणे दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातला कमी आकडा. १२० फ्लॅट असले तरी २० डोकी पुरतात. तीही जमत नाहीत, मग अकरा जण बसून रंगकामाचं टेंडर पास करतात आणि व्हॉट्सॲपवर महिनाभर 'कमिटीने पैसे खाल्ले' चालतं. (खाल्लेही असतील. विचारायचं सभेत होतं.)

विश्वास नाही म्हणून येत नाही, असं सांगणारे भेटतात. अहो, विश्वास कागदावर बसतो, आणि कागदच वेळेवर मागितला जात नाही. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी हवी. तिच्यासोबतच ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. हिशेब सभेत हातात पडला तर दहा मिनिटांत कुणाला काय कळणार? प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्या आणि पोच घ्या, कारण तोंडी विचारलेलं इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच उरतं. ठराव मांडायचा तर मजकूर घरूनच लिहून न्या: रक्कम, मुदत, सूचक, अनुमोदक. मतं मोजून आकडा लिहायला लावा. 'सर्वानुमते' हा फार सोयीचा शब्द आहे. सगळ्यात जास्त लक्ष 'ऐनवेळच्या विषयां'वर, म्हणजे नोटिशीत नसलेल्या विषयांवर ठेवा. लाखांचे खर्च तिथूनच आत शिरतात, आणि तेव्हा अर्धी मंडळी वडापावच्या रांगेत असतात.

कमिटी सभाच घेत नसेल, तर एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. १२० मध्ये २४ सह्या.

नवी मुंबई पालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि नंतर प्रशासक आले. त्या काळात जिना उतरून गाठता येईल असं निवडून दिलेलं एकच मंडळ उरलं होतं: आपली कमिटी. पाण्याची तक्रार तेव्हाही एकेकट्याच्या मोबाईलवरून जात होती, आजही जाते. त्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर, ठरावाची प्रत जोडून, जावक क्रमांक टाकून पालिकेच्या प्रभाग समितीत द्या. आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.